ठराव झाला, पुढे काय?

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजची मुले घेऊन मी महाडला गेलो होतो. इतिहासाच्या वर्गाची सहल म्हणजे काय असते, हे शिक्षकमंडळींना सांगायला नको. निम्मे लक्ष डब्याकडे आणि निम्मे परतीच्या एस.टी.कडे. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मी मुलांना बसविले आणि नेहमीचा पाठ सुरू केला. मुंबई विधिमंडळाचा ठराव १९२३ सालचा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचा, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. हे सगळे मी दरवर्षी सांगतो, तसेच त्याही दिवशी सांगितले. मागच्या पायरीवर एक मुलगा बसला होता. सबंध सहलीत तो काही बोललेला नव्हता. तो उठला आणि म्हणाला, "सर, परवानगी १९२४ सालीच मिळाली होती ना? मग तीन वर्षं पाणी कुणी अडवलं? आणि अडवलं, तर अडवणाऱ्याला कुणी विचारलं का नाही?"

खरे सांगायचे तर माझ्याजवळ तारखा होत्या, पण या प्रश्नाचे उत्तर नीट जुळविलेले नव्हते. "संध्याकाळी सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. नंतर घरी येऊन जुने कागद, निकालपत्र आणि त्या काळचे ठराव पुन्हा एकदा वाचले. तेव्हा ध्यानात आले की, त्या मुलाच्या प्रश्नात सबंध महाड प्रकरणाचे मर्म आहे. आजच्या भाषणात मी त्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे. उत्तराला थोडा उशीर झाला आहे, एवढे मात्र कबूल करतो.

प्रथम ठरावाची हकीकत ऐका. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला व तो संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेली व चालविलेली, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या लोकांना करू द्यावा, असा त्याचा आशय. बोले हे भंडारी समाजातले पुढारी, कामगारांत वावरलेले. त्यांची कळकळ खरी होती. पण त्या कौन्सिलात सभासदाने मांडलेला ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती सरकारला केलेली शिफारस असे. शिफारस मानायची की नाही, ते सरकारने ठरवायचे.

सरकारने ती मानली. ११ सप्टेंबर १९२३ रोजी हुकूम निघाला. आता या हुकुमाची भाषा जरा लक्ष देऊन ऐका. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांपुरती ठरावाची अंमलबजावणी करावी, असे खातेप्रमुखांना सांगितले. आणि नगरपालिका, लोकल बोर्डे यांच्याबद्दल काय? तर कलेक्टरांनी आपापल्या हद्दीतील अशा संस्थांना सल्ला द्यावा. सल्ला कसला? तर ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे, याचा त्यांनी विचार करावा! म्हणजे कौन्सिलाने शिफारस केली, सरकारने सल्ला दिला, आणि सल्लाही पाणी देण्याचा नव्हे, तर विचार करण्याचा.

त्या सल्ल्याप्रमाणे महाडच्या नगरपालिकेने विचार केला. तिला दोष देण्यापूर्वी हेही सांगितले पाहिजे की, पुष्कळ ठिकाणी तेवढाही विचार झाला नाही. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ठराव केला. अस्पृश्यांनी तळ्याचा उपयोग करण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असे त्यात म्हटले होते.

"हरकत नाही." कचेरीत काम केलेल्या माणसाला या दोन शब्दांची किंमत बरोबर कळते. "मी व्यवस्था करतो" म्हटले की माणूस बांधला जातो. उद्या व्यवस्था झाली नाही, तर त्याला जाब विचारता येतो. "माझी हरकत नाही" म्हणणारा मात्र मोकळाच राहतो. तळ्यावर जायचे तर जा. वाटेत कोणी अडविले तर ते तुमचे तुम्ही बघा. पाटी लावायची कुणी? दवंडी पिटवायची कुणी? पहिल्या दिवशी घागर घेऊन जाणाऱ्या बाईबरोबर नगरपालिकेचा शिपाई जाणार का? कुणी तिला मारले, तर फिर्याद कोण देणार? यातले एकही काम कुणाच्या नावावर टाकलेले नव्हते. तीन कागद झाले. एकात शिफारस, दुसऱ्यात सल्ला, तिसऱ्यात हरकत नाही. तिन्ही कागदांवर शिक्के होते, पण तिन्हींत मिळून उत्तरदायी असा एकही माणूस नव्हता. त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

बोल्यांच्याही हे लक्षात आले होते. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, असा त्याचा रोख. म्हणजे तीन वर्षांत ते शिफारशीवरून खिशापर्यंत आले. अनुभवाने माणूस शहाणा होतो, तो असा.

यापेक्षा वेगळ्या प्रकारचा हुकूम त्या काळी निघूच शकत नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. घाटावर कोल्हापूर संस्थान होते. तेथे शाहू छत्रपतींनी १९१९ च्या जानेवारीत काही हुकूम काढले. दवाखाने, शाळा व सरकारी कचेऱ्या यांतील नोकरांनी अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच वागवावे, आणि ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही, असे त्यांत बजावले होते. पाहा, येथे सल्ला नाही आणि विचार करण्याची विनंतीही नाही. मुदत आहे, आणि मुदत टळली तर नुकसान कुणाचे, तेही सांगितले आहे. याच शाहूराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. राजाने शाळा काढायची, पालकाने मूल पाठवायचे, दोघांवरही बंधन. अर्थात संस्थान हे एका माणसाच्या मर्जीवर चालते. तो माणूस मोठ्या मनाचा होता म्हणून हे झाले. इंग्रजी मुलखात तसा राजा नव्हता. तेथे जाब विचारायचा तर लोकांनीच विचारायला हवा होता.

पण लोकांनी विचारायचे, तर ठराव झाला आहे हे आधी लोकांना ठाऊक पाहिजे. हा दुसरा अर्धा भाग. १९२४ साली महाडच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतून राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला मुंबईच्या कौन्सिलातला ठराव कसा कळणार? तो इंग्रजीत झाला, इंग्रजीत छापला गेला आणि कलेक्टरच्या कचेरीतून फिरला. ज्याच्यासाठी पाणी मोकळे झाले, त्याच्यापर्यंत तो कागद जायला वाटच नव्हती.

वाट कोणी तयार केली? याचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते. कोकणपट्टीतल्या महार समाजातले कित्येक लोक इंग्रजांच्या पलटणीत शिपाई होते. पलटणीत शाळा असत. तेथे शिपायांची आणि त्यांच्या मुलांची लिहिण्यावाचण्याची सोय होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. पेन्शन घेऊन ही माणसे गावी परतली, तेव्हा हातात अक्षर घेऊन परतली. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच. सैन्यातून परत आल्यावर त्यांनी अर्ज लिहिले, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले, आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. विटाळाला आधार कोणता, असा प्रश्न त्यांनी छापून विचारला. ज्या समाजाने आजवर फक्त हुकूम ऐकले, त्या समाजातला माणूस आता लेखी उत्तर मागत होता. पुढे सैन्यभरती बंद झाली आणि शिक्षणाचा तो झरा आटला. पण लागलेली गोडी गेली नाही.

१९२७ ची परिषद भरविण्यात ज्यांनी रात्रंदिवस खपून काम केले, त्या रामचंद्र बाबाजी मोऱ्यांची गोष्ट याच जातीची आहे. ते महाडजवळच्या लाडवलीचे. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही इंग्रजी शाळेत शिरताना त्यांना अडवणूक सोसावी लागली होती. शाळेच्या दारात अडविलेला मुलगा मोठा झाला आणि तळ्याच्या वाटेवर लोकांना घेऊन आला. शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गाच्या दारात आपण कुणाला किती वेळ उभे ठेवतो, हे जरा जपून पाहावे. मुले विसरत नाहीत.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. काही हजार माणसे आली. पंधरा वर्षांची पोरे होती तसे सत्तरीचे म्हातारेही होते. खांद्याला भाकरी बांधून माणसे पायी चालत आली. परिषदेला पिण्यासाठी पाणी लागणार. ते सवर्ण मंडळींकडून विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे! गावात नगरपालिकेचे तळे, तळे मोकळे असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात, आणि पाणी मात्र विकत. तीन वर्षांपूर्वीच्या "हरकत नाही"चा हिशेब चाळीस रुपये झाला, असे म्हणावे लागते.

परिषदेत जे ठराव झाले, त्यांकडे आपले इतिहासकार फारसे लक्ष देत नाहीत, कारण पुढची घटना एवढी मोठी झाली की ठराव तिच्याखाली झाकले गेले. सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करावे, वसतिगृहांना मदत द्यावी आणि बोल्यांचा ठराव प्रत्यक्षात आणावा, अशा मागण्या त्यांत होत्या. मेलेल्या जनावराचे मांस खाण्याविरुद्ध आणि दारूविरुद्ध कायदा करावा, अशी मागणी स्वतःच्या समाजासाठीही होती. म्हणजे सरकारने काय करावे आणि आम्ही काय सोडावे, दोन्ही एकाच परिषदेत. शाळा आणि कायदा या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून वेगळ्या काढल्या नाहीत.

परिषद संपत आली असता अनंतराव चित्रे यांनी सुचविले की, आता सर्वांनी मिळून तळ्यावर जावे. चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही स्पृश्य समाजातील मंडळी परिषदेच्या बाजूने उभी होती, हे नमूद केले पाहिजे. चौघाचौघांच्या रांगा करून मिरवणूक निघाली, शिस्तीने बाजारपेठेतून गेली आणि तळ्यावर पोचली. बाबासाहेबांनी पाणी घेतले. मागोमाग इतरांनी घेतले आणि सगळे परत फिरले. १९२४ च्या ठरावाची अंमलबजावणी ही अशी, नगरपालिकेच्या शिपायाशिवाय, लोकांनी स्वतः केली. ध्यानात घ्या, त्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. उलट कागदावर असलेला ठराव त्यांनी पाळून दाखविला.

थोड्याच वेळात गावात आवई उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. आवईला पाय लागतात तितके ठरावाला लागत नाहीत! जमाव मांडवावर चालून गेला. जेवत असलेल्या, परतीच्या तयारीत असलेल्या माणसांना मार बसला. कित्येकांनी मुसलमान वस्तीत आसरा घेतला. बाबासाहेब डाकबंगल्यात होते. त्यांच्या भोवती जमलेल्या लोकांत निवृत्त सैनिकही होते. त्यांचे हात शिवशिवत होते. एका शब्दासरशी गावात रक्त सांडले असते. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. लोकांना आवरले, आणि पोलिसांकडे रीतसर फिर्याद दिली. खटला चालला व हल्लेखोरांपैकी काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. इकडे महाडच्या सनातनी मंडळींनी एकशे आठ घागरी पाणी काढून, पंचगव्य घालून तळे 'शुद्ध' केले.

आता नगरपालिकेचे बघा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पुन्हा एकदा ऐका. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्टचा, आणि बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला हा ठराव मागे घेतला गेला. हा योगायोगच असावा. पण आश्वासन पाळायची पाळी आली, तेव्हाच ते मागे घेतले, हा काही योगायोग नव्हे. जोपर्यंत ठराव कुणी वापरत नव्हते, तोपर्यंत तो रद्द करण्याची गरजच पडली नव्हती.

ठराव मागे घेतला, तेव्हा सत्याग्रहाची घोषणा झाली. २५ डिसेंबर १९२७ हा दिवस ठरला. दरम्यान ३ एप्रिलपासून 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले होते. त्यातून महाडची बाजू लोकांपर्यंत जात होती. आता ठराव कुठला, तो रद्द कुणी केला, तळे कुणाचे, हे मराठीत छापून येऊ लागले. १९२४ साली जी वाट नव्हती, ती ही अशी पडली.

सनातन्यांनीही आता दुसरा मार्ग धरला. लाठी टाकून ते कोर्टात गेले. दिवाणी दावा दाखल केला की, हे तळे सार्वजनिक नाहीच, आसपासच्या घरवाल्यांच्या खासगी मालकीचे आहे. आणि सार्वजनिक म्हटले तरी अस्पृश्यांनी तेथे न जाण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे. १४ डिसेंबर १९२७ रोजी कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. सत्याग्रहाला अकरा दिवस राहिले असताना!

श्रोतेहो, माझ्या मते महाडची खरी परीक्षा मार्चमध्ये नव्हती, ती डिसेंबरमध्ये होती. हजारो माणसे गोळा झाली होती. तुरुंगात जायला तयार असलेल्यांनी आपली नावे नोंदविली होती. परिषदेला जागा द्यायला गावात कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. येथवर आलेल्या माणसांना सांगायचे कसे की, कोर्टाचा हुकूम आहे, पाण्याला हात लावू नका? हुकूम अन्यायाचा आहे, हे सर्वांना दिसत होते. स्वतः बाबासाहेब बॅरिस्टर. हा हुकूम पक्का नाही, तो दाव्यात टिकणार नाही, असे त्यांना कायद्याच्या दृष्टीने वाटत असणार. दोन दिवस चर्चा चालली. जेलमध्ये जाऊ, पण पाणी पिऊ, असे तावातावाने बोलणारे पुष्कळ होते. शेवटी बाबासाहेबांनी त्यांना समजावले आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक निघाली, तळ्यापर्यंत गेली, तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहनही झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याविषयी स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल. आज मला एवढेच दाखवायचे आहे की, एकाच परिषदेत त्यांनी जो कायदा अन्यायाचा मानला, त्याचा ग्रंथ जाळला, आणि ज्या कोर्टाकडून न्याय मिळण्याची शक्यता होती, त्या कोर्टाचा गैरसोयीचा हुकूमही पाळला. काही विद्वानांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. एका व्यवस्थेत प्रश्न विचारायला जागाच नव्हती. दुसरीत उशिरा का होईना, पण उत्तर द्यावे लागे.

उशीर मात्र भरपूर झाला. मनाईहुकूम दोन-अडीच महिन्यांत उठला, पण मूळ दावा चालू राहिला. १९३१ साली खालच्या कोर्टाने वादींविरुद्ध निकाल दिला. त्यांनी जिल्हा कोर्टात अपील केले. तेथे १९३३ साली तोच निकाल. तेव्हा ते मुंबईच्या हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल लागला. २० मार्च १९२७ ला ओंजळ भरली होती. तिला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

हायकोर्टापुढे प्रश्न काय होता, ते सोप्या भाषेत सांगतो. कारण तो आपल्या गावकीच्या भांडणातही नेहमी येतो. तळे नगरपालिकेकडे आहे, हे सिद्ध झाले. मग वादींचा भर 'वहिवाटी'वर. कायद्याला वहिवाट मान्य असते, पण ती पुरातन आणि निश्चित असल्याचे पुराव्याने दाखवावे लागते. "आमच्या आजोबांपासून असेच चालत आले" एवढे म्हणून भागत नाही. न्यायाधीशांनी विचारले की, पूर्वी कधी अस्पृश्य तेथे पाणी घ्यायला गेले होते काय? त्यांना हक्काने अडविल्याचा पुरावा आहे काय? तसा पुरावा वादींना देता आला नाही. माणसे तेथे गेली नाहीत, म्हणून त्यांना जाण्याचा हक्क नाही, असे होत नाही. दावा फेटाळला गेला.

गंमत पाहा, निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हेच ते गृहस्थ, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत सेशन्स न्यायाधीश म्हणून महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा दिली. इतिहासात माणसे अशी दोन निरनिराळ्या दारांतून येतात. मुलांना हे सांगितले की ती एकदम कान टवकारतात, असा माझा अनुभव आहे. शिक्षकांनी जरूर सांगून पाहावे.

बोल्यांच्या ठरावाचे पुढे काय झाले? २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग काढून वाचा. सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालविलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. वाचताना १९२३ च्या ठरावाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक एका शब्दाचा. तेथे 'द्यावा' होते, येथे 'येणार नाही' आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ साली शिक्षेचा कायदा आला. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. १९७६ साली तो अधिक कडक झाला, त्याचे नाव 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' झाले, आणि एक महत्त्वाची गोष्ट त्यात आली. अशा गुन्ह्याचा तपास करण्यात जो सरकारी नोकर जाणूनबुजून हयगय करील, तो गुन्ह्याला साहाय्य करणारा समजला जाईल. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला स्वतंत्र शिक्षाच ठेवली आहे. "हरकत नाही" लिहून मोकळे होण्याची वाट बंद करायला सहा दशके लागली.

बंद झाली का खरोखर? वर्तमानपत्र वाचणाऱ्याला विचारा. पाणवठ्यावरच्या मारहाणीच्या बातम्या अजून येतात, आणि कायदा ठाऊक असूनही फिर्याद लिहून घ्यायला टाळाटाळ झाल्याच्या बातम्या त्याहून जास्त. आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सतरावे कलम आहे. मुले ते घडाघडा म्हणतात. गावच्या पंचायतीत मागच्या ग्रामसभेला कोणता ठराव झाला, असे विचारले की तीच मुले एकमेकांकडे बघतात. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना कलम शिकविले. ठरावाचे पुस्तक कुठे असते, ते बघायला कुणाकडे जायचे, आणि नाही म्हटले तर पुढे काय करायचे, हे शिकविले नाही. मीही नाही शिकविले. वीस वर्षे इतिहास शिकवतो आहे आणि महाडच्या तीन वर्षांचा हिशेब मला एका विद्यार्थ्याने विचारला.

तो विद्यार्थी पुढे बी.एड. होऊन शिक्षक झाला. मागच्या दिवाळीत भेटायला आला, तेव्हा त्याने पिशवीतून एक कागद काढला. त्याच्या गावी शाळेच्या मागे पंचायतीची एक विहीर आहे. तिच्यावर नळयोजना होऊन खालच्या वस्तीला पाणी द्यायचे, असे काही वर्षांपूर्वी ग्रामसभेत ठरले होते. पाणी काही आले नाही. विचारायला गेले की, "ठराव झालाय, होईल," एवढेच उत्तर. शेवटी त्याने २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला आणि त्या ठरावाची नक्कल मागितली. तीस दिवसांची मुदत असते. अठ्ठाविसाव्या दिवशी नक्कल मिळाली. तीच तो घेऊन आला होता.

मी चष्मा लावून ती वाचू लागलो. तारीख होती, सूचक होता, अनुमोदक होता, शेवटी "सर्वानुमते मंजूर" होते. तो माझ्याकडे पाहत होता. हसत होता म्हणा ना. मधली ओळ त्याने लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती. सदर विहिरीवरून वस्तीला पाणी देण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही.

"सर, आता पुढच्या ग्रामसभेत हा ठराव बदलून घ्यायचाय," तो म्हणाला. "काम कुणी करायचं त्याचं नाव, आणि कधीपर्यंत ती तारीख. मजकूर तुम्ही जरा बघून देता का?"

आम्ही दोघे मजकूर लिहायला बसलो.